अडीच रुपयांचा राजा

१४ जुलै

लाईट गेली. झेरॉक्स बंद, लॅमिनेशन बंद, पंखा बंद. चालू आहे ते फक्त माझं तोंड, आणि ते ऐकायला दुकानात कोणी नाही. म्हणून ही पतसंस्थेची डायरी उघडली. जानेवारीत फुकट मिळाली होती, आजवर तिच्यावर चहाचा कप ठेवत होते. आता ठरवलंय, लाईट गेली की लिहायचं. मालवणात पावसाळ्यात लाईट जाते त्या मानाने गणपतीपर्यंत ग्रंथ तयार होईल.

माझं दुकान 'जॉयसी झेरॉक्स', मच्छीमार्केटकडे उतरताना डाव्या हाताला. इथल्या हवेत कागद जगत नाही. बुरशीतून वाचला तर वाळवी खाते. त्यामुळे लोक रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट करून घेतात. वालावलच्या एका बाईंनी तर नवऱ्याचं दारू सोडायचं वचन लॅमिनेट करून नेलं. कागद अजून चांगला आहे म्हणे.

पण ओरिजिनल कागद मी मशीनमध्ये घालत नाही. एकदा आत गेला की देव खाली उतरला तरी सुटत नाही, आणि कचेरीत त्याला कोणी हात लावत नाही. म्हणून माझ्या डोक्यावर बोर्ड आहे: 'ओरिजिनल कागद लॅमिनेट करून मिळणार नाही. वाद घालू नये.' बोटीच्या उरलेल्या लाल रंगाने लिहिलाय, अक्षरं जरा वाकडी आहेत. लोक तो वाचतात आणि मग वाद घालतात. आज आचऱ्याचे एक बाबा आजोबांचं खरेदीखत घेऊन आले होते. मशीन तापत होतं, दिवा लाल होता, तो हिरवा होईपर्यंत त्यांना समजावलं आणि परत पाठवलं.

घरी पावसाळ्यातला नवरा आहे. लिओन तारकर्लीला पर्यटकांना हाताला धरून पाण्याखाली नेतो आणि मासे दाखवतो. पावसात ते बंद, त्यामुळे तो घरात बसून टीव्ही बघतो, तोही एवढा मोठा की शेजारची कुत्री भुंकतात. मी हाक मारली की ऐकू येत नाही. माझ्या बाजूचा कान त्याने कायमचा मिटलाय.

१७ जुलै

आज लाईट चार वाजता गेली, पण सांगण्यासारखं सकाळीच घडलं.

सांत आंतोनच्या तसबिरीला वाळवी लागली होती. मांय, म्हणजे माझी सासू वेरोनिका, गेले आठ दिवस मागे लागली होती की संताला भुगा व्हायच्या आत सोडव. मी खिळे काढून मागची फळी उचलली. फळी आणि चित्र यांच्या मधे एक कागद सपाट बसलेला. नोट. एकाच बाजूला नक्षी जास्त, दाढीवाला राजा, आणि किंमत दोन रुपये आठ आणे. मी दोनदा वाचलं. अडीच रुपयांची नोट कोणी काढतं का? मग म्हटलं, इंग्रजांना काय, त्यांनी आणखी बरंच काही काढलं.

मांयला विचारलं. ती म्हणाली, तिच्या सासऱ्यांचे वडील रंगूनला साहेबाकडे बटलर होते, तसबीर तिकडूनच आली. काच हलू नये म्हणून मागे काहीतरी घातलं असणार.

सांत आंतोन हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. आमच्या घरातल्या किल्ल्या, चष्मे, मांयचे दात त्याने शोधून दिलेत. स्वतःच्या पाठीमागचं मात्र शंभर वर्षं बोलला नाही.

लिओनने फोटो काढला आणि नोटा जमवणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला.

२१ जुलै

यतीन शहापूरकर नावाच्या माणसाचा कोल्हापूरहून फोन आला. व्हिडिओ कॉल. लिओनने माझ्या हातात फोन दिला, म्हणाला मला नीट ऐकू येत नाही, रेंज नाही. रेंज चांगली होती.

माणूस सभ्य. पण बोलायला लागला तो भोकांवर. नोटेला टाचणीचं भोक आहे का? घडी पडलीय का? उजेडात धरा, कोपरे दाखवा. एवढा मोठा बाप्या आणि भोकं मोजतोय, मला हसू येत होतं. तेव्हा खजिन्यात नोटांच्या गड्ड्या टाचणीने टोचत, म्हणाला, त्यामुळे भोक नसलेली नोट फार थोड्यांनी पाहिली आहे. ही पहिल्या महायुद्धाच्या वेळची. नाण्यांना चांदी पुरेना म्हणून सरकारने लहान नोटा काढल्या. लोकांना आवडल्या नाहीत, काही वर्षांत परत घेतल्या. उरल्या त्या कुणाच्या घड्यांमुळे फाटल्या, कुणाच्या घामाने गेल्या.

मग मी कोपऱ्यातलं आर अक्षर दाखवलं तेव्हा तो फोनला नाक लागेल एवढा पुढे आला. आर म्हणजे रंगून. नंतर हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, मी ही नोट बावीस वर्षं शोधतोय." त्याचा चेहरा असा झाला होता की मला उगाच लाजल्यासारखं झालं. लिओनने मला मागणी घातली तेव्हा तो बांगड्याचा भाव विचारावा तसा बोलला होता.

मी विचारलं, एवढं काय आहे तिच्यात? तो म्हणाला, करोडो माणसांच्या हातांतून जायला छापलेली वस्तू, आणि हिला कुणी हातच लावला नाही. तेवढंच. मला ते पटलं नाही, पण लक्षात राहिलं.

चार ते पाच लाख देईन म्हणाला. प्रत्यक्ष बघून.

२५ जुलै

लिओनने रात्रीच्या जेवणावर जाहीर केलं की आपण इंग्लंडला जायचं.

मांय गोव्यात जन्मली, तिथे पोर्तुगीजांचं राज्य असताना. त्या जन्मदाखल्यावर तिचा पोर्तुगालचा पासपोर्ट, मग लिओनचा, मग बायको म्हणून माझा. इंग्लंडला आता तेवढ्याने भागत नाही म्हणे, पण म्हापशाचा एजंट पुढचं सगळं करतो, त्याला चार लाख लागतात. स्विंडनला लिओनचा मावसभाऊ गोदामात कामाला आहे, खोकी उचलायची, पगार पौंडात. मांयची सोय फेबीकडे, म्हणजे लिओनच्या बहिणीकडे, पर्वरीला चौथ्या मजल्यावर. दुकान विकायचं. सगळं ठरलं होतं. सॅविओला, आमच्या मुलाला, तो कामाला आहे त्या बोटीवर मेसेजही गेला होता.

मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? माणूस एवढ्या आनंदात होता की तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. समुद्रातलं काम सोडायचं म्हणून कोणी एवढं खूश होईल असं वाटलं नव्हतं.

पासपोर्टासाठी मांयचा जन्मदाखला लागतो, तो तिने लगेच आणून दिला. नंतर सांत आंतोनसमोर बसून तिने नेहमीपेक्षा लांबलचक लादीनची प्रार्थना म्हटली.

चांगलंच आहे. तिकडे लाईट जात नाही म्हणे.

३० जुलै

ही बातमी बाजारात कोणी सोडली ते मला माहीत आहे. तिचं नाव पद्मावती आणि ती माझ्या दुकानाच्या पायरीशेजारी मासे विकते. मी तिला शपथ घालून सांगितलं होतं. तिने ज्याला सांगितलं त्यालाही शपथ घातली असणार, तिचा स्वभाव तसा आहे.

तीन दिवस झाले, दुकानासमोर रांग. ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटा, फाटक्या एकच्या नोटा, एकाने तर नोटबंदीतल्या पाचशेच्या चार आणल्या, म्हणाला ह्यांका भोक नाय. मी प्रत्येकाला सांगते की मी झेरॉक्सवाली आहे. ते म्हणतात, मग झेरॉक्स काढून कोल्हापूरला पाठवा. काढते. धंदा झाला.

पद्मावतीने विचारलं, "तू खराच जातलंस गो?" मी म्हटलं, हो, ठरलंय. ती म्हणाली, मगे माका सावली कोण देतला? दुपारी तिची टोपली माझ्या छपराखाली असते, गेली अकरा वर्षं. मी म्हटलं, नवा मालक देईल. तिने सुरा घेतला आणि एका माशाचं डोकं जरा जोरातच उडवलं.

२ ऑगस्ट

यतीनचा मेसेज. नारळी पौर्णिमेला येतो, रोख घेऊन. तोपर्यंत नोट जशी आहे तशी सुरक्षित ठेवा. त्याखाली आणखी एक आवाजी मेसेज, चांगला लांब. अर्धा ऐकला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

लिओनला घरातल्या ओलीची धास्ती बसलीय. सकाळ-संध्याकाळ नोट उघडून बघतो. आज म्हणाला, तू दुकानात ने, तुझं काचेचं कपाट कोरडं असतं, तुझ्याकडे कागदाला काही होत नाही. वीस वर्षांत माझ्या धंद्याबद्दल एवढं चांगलं तो पहिल्यांदाच बोलला. नेली.

६ ऑगस्ट

लाईट गेली. मशीनचा दिवा हिरवा व्हायच्या आत गेली.

सकाळपासून गिऱ्हाईक नाही. पद्मावती आज आली नाही, तिच्या पायरीवर मांजर बसलंय. नोट कपाटातून काढून समोर ठेवलीय, ओल लागली का बघायला. लागलेली नाही. राजा उजवीकडे बघतोय की माझ्याकडे, कळत नाही.

स्विंडनमध्ये समुद्र नाही. मी नकाशात बघितलं. कुठल्याच बाजूने नाही.

मांयने काल फेबीला फोन करून विचारलं की चौथ्या मजल्यावर तुळस लागते का. ख्रिस्ती बाई, तुळशीशी तिचा संबंध काय? खोकल्याला लागते म्हणे.

आली लाईट.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

लाईट आहे, पण घरी कोणी नाही म्हणून लिहिते.

यतीन अकराला आला. बंदरावर मिरवणूक जायची होती, रस्ताभर माणसं नारळ लढवत होती, बिचारा बॅग छातीशी धरून वाट काढत आला. घरी बसला, चहा घेतला, हात धुतले, पुसले, मग पांढरे मोजे घातले. हाताचे मोजे. मी नोट समोर ठेवली.

त्याने ती उचलली नाही. टेबलावर नुसती बघितली. मग बोटाने कडेला दाबलं, प्लास्टिक टक्क वाजलं. त्याने एकेक मोजा काढून घडी करून खिशात ठेवला. चिडला असता तर बरं झालं असतं.

मी सांगितलं की हवा ओली, वाळवी होती, तुम्हीच लिहिलं होतं जशी आहे तशी सुरक्षित ठेवा. आता शंभर वर्षं तशीच राहील. जाड पाऊच वापरलंय, एकशे पंचवीस मायक्रॉन, स्वतः कडा कापल्यात. तो म्हणाला, आवाजी मेसेजमध्ये मी सांगितलं होतं, लॅमिनेशन तेवढं करू नका, सगळे तेच करतात. मी म्हटलं, अर्धाच ऐकला. खरंच अर्धाच ऐकला होता. तो म्हणाला, आता सोडवायला गेलं तर गोंदाबरोबर शाई येईल, कागद येईल. जमवणाऱ्याच्या लेखी ही नोट मेली. हजार रुपये देतो म्हणाला, आठवण म्हणून. लिओनने नको म्हटलं.

लिओनने नोट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, टेबलावर तिची कड दोनदा आपटली. माझ्याकडे बघितलं. ओरडला नाही. यतीनला स्टँडपर्यंत सोडायला गेला आणि अजून आलेला नाही. बंदरावर असेल. दरवर्षी नारळ लढवतो, यंदा घरून नारळ नेला नाही.

माझा हेतू चांगला होता. हे लिहून ठेवते.

११ ऑगस्ट

लाईट गेली.

तीन दिवस लिओन शांत आहे. जेवतो, ताट उचलतो, 'मीठ दे' म्हणतो. त्याने एखादी शिवी घातली असती तर मी दोन घातल्या असत्या आणि विषय मिटला असता. एजंटला फोन करून 'नाही' म्हणून कळवलं, तेही गोड आवाजात.

काल मी त्याला म्हटलं, चूक झाली. तो म्हणाला, होतं कधीकधी. होतं म्हणजे काय? चूक होते की मी नोट सुरक्षित केली तेही होतं? पुढे विचारलं तर टीव्ही मोठा केला.

नोट दुकानात आणून बोर्डाशेजारी खिळ्याला टांगली. घरात ठेववत नाही, फेकवतही नाही. पर्यटक फोटो काढतात. धंद्याच्या दृष्टीने सांगायचं तर काम मात्र फर्स्टक्लास झालंय. एक बुडबुडा नाही.

१४ ऑगस्ट

आज दुपारी मांय आणि मी दोघीच जेवायला. ती मासे वाढताना म्हणाली की पौर्णिमेच्या दोन दिवस आधी सकाळी तिचं खोबऱ्याचं वाटप अर्ध्यावर राहिलं होतं, लाईट गेली म्हणून मिक्सर थांबला. मी म्हटलं, हो, दुकानातही गेली होती.

"मगे तुझां मशीन?"

मी म्हटलं, गार झालं. लाईट आल्यावर परत लावलं.

"म्हणजे दोनदा तापयलंस," मांय म्हणाली.

आवाजात काही नव्हतं, मीठ बेताचं आहे म्हणावं तसं. मी खाली मान घालून भात कालवत राहिले. तिने सरंग्याचा मधला तुकडा माझ्या ताटात वाढला. तो एरवी लिओनचा असतो, ती देवाला सुद्धा देत नाही. मग उठून हात धुतले आणि जाता जाता म्हणाली की लिओनाक मी काय सांगूचंय नाय, सांगूचां तर तूच सांग.

लाईट गेलेली नाही. तरी लिहितेय, कारण आता लपवून उपयोग नाही, निदान या वहीपासून. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. मशीन मी त्याच कामासाठी लावलं होतं. दिवा लाल होता तोवर मला वाटत होतं की मी नुसती बघतेय. लाईट गेली तेव्हा मला हायसं वाटलं, देवाने सुटका केली. मग ती आली आणि मी पुन्हा बटण दाबलं. दिवा हिरवा होईपर्यंत उभी राहिले. मला इंग्लंडला जायचं नाही. पद्मावतीला सावली मी देणार, आणि मांय मरेल ती या घरात मरेल, लिफ्टमध्ये नाही. हे सगळं मला तोंडाने सांगता आलं असतं. माझं तोंड कधी बंद नसतं, नेमकं तेव्हाच कसं मिटलं?

१६ ऑगस्ट

सांगितलं.

लिओन दुपारी दुकानात डबा घेऊन आला. पाऊस उघडला होता, पद्मावती छपराखाली टोपली सावरत होती. मी त्याला आत बोलावलं, त्याच्या उजव्या बाजूला बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. चूक झाली नव्हती, मी केली. दोनदा मशीन तापवून केली.

तो माझ्या डोक्यावर बघत राहिला. मग म्हणाला, "ह्यो बोर्ड मीच रंगवलंय, जॉयसी."

दुकान उघडलं त्या वर्षी, त्याच्याच बोटीच्या रंगाने. नोट हातात घेतली त्याच क्षणी त्याला कळलं होतं की ही चूक नाही. यतीनसमोर बोलला नाही. आठ दिवस वाट बघत होता, मी कधी सांगते याची.

मी म्हटलं, "माका येवचां नव्हतां. तू इचारलंस कधी?" तो म्हणाला, तू तरी कधी विचारलंस मी का जातोय ते. आणि मग ते बाहेर आलं. त्याचा डावा कान गेलाय. मार्चपासून. पाण्याखाली गेला की आतून सुरी फिरवल्यासारखं होतं, डॉक्टरने सांगितलंय, आता उतरायचं नाही. यंदा समुद्र उघडला की बोटवाले त्याला काय करणार म्हणून विचारतील. खोकी उचलायला कान लागत नाहीत, म्हणून इंग्लंड.

मार्चपासून मी त्याच्या डाव्या बाजूला झोपते आणि त्याला बहिरा म्हणते. मला फार वाईट वाटलं. ते झाल्यावर राग आला, कारण हे त्याने सांगितलं असतं तर मी वेगळी वागले असते. त्यालाही राग आला, कारण मी सांगितलं असतं तर तोही. मग आम्ही भांडलो. पाच लाखांसाठी, कानासाठी, चौथ्या मजल्यासाठी, बांगड्याच्या भावात घातलेल्या मागणीसाठी सुद्धा. पद्मावतीने गिऱ्हाईकाला थांब म्हणून खूण केली आणि नीट ऐकायला पायरीवर सरकली.

त्यातच आचऱ्याचे बाबा आले, खरेदीखत घेऊन, पिशवीतून काढतच. मी न बघता बोर्डाकडे बोट केलं. त्यांनी बोर्ड वाचला, शेजारची नोट बघितली आणि बोट माझ्यावरच रोखलं.

"मगे ह्या राजाक कसां केलंस? तो ओरिजिनल नाय?"

लिओन रुमालाने तोंड पुसत उठला आणि त्यांच्या जवळ गेला.

"बाबानू, त्या राजाक परत इंग्लंडाक जावचां नव्हतां."

बाबांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी मशीनवर डोकं टेकून रडले, मशीन चालू होतं, कपाळ भाजलं. बाबा खरेदीखत पिशवीत घालून निघाले. लिओन बोर्ड जवळून बघत होता. म्हणाला, खालची ओळ पुसट झाली आहे, 'वाद घालू नये' वाचताच येत नाही. मग तो लाल रंग मिळतोय का बघायला बाजारात गेला.